जुनं वॉशिंग मशीन जपायला किती खर्च येतो?

चिंचणी, वरोर, तारापूर, बोईसर या पट्ट्यात एखादं जुनं घर रिकामं होतं, तेव्हा मागच्या मोरीत किंवा जिन्याखाली झाकून ठेवलेलं एक वॉशिंग मशीन बऱ्याचदा सापडतं. नव्वदीच्या दशकात हप्त्यावर घेतलेलं, दहा-बारा वर्षं घरातल्या बायकांचे हात वाचवलेलं. मग कधी तरी पट्टा तुटला, कुणी तरी ‘आता याचे पार्ट मिळत नाहीत’ असं सांगितलं, आणि मशीनवर लोणच्याच्या बरण्या आल्या. अशा मशीनचं काय करायचं, हे बहुतेक घरांत भंगारवाला ठरवतो. तो येतो, पाय लावून हलवतो, भाव सांगतो आणि घेऊन जातो.

त्याआधी घरच्यांनी एक हिशेब मांडावा, एवढ्यासाठी हा लेख. सगळी जुनी मशीन जपण्यासारखी नसतात. पण काहींवर पाच ते बारा हजार रुपये घातले तर ती पुढची सात-आठ वर्षं रोज कपडे धुतात. आणि मशीन जाणारच असेल, तरी त्याच्यासोबत मिळालेली माहितीपुस्तिका, म्हणजे आपण ज्याला मॅन्युअल म्हणतो ती, भंगारात जाऊ देऊ नये. ती जपायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. खाली दिलेले भाव चिंचणी-बोईसर-डहाणू भागासाठी अंदाजे धरावेत; मेकॅनिक, मॉडेल आणि हंगाम पाहून ते खाली-वर होतील.

जुनं म्हणजे नेमकं कोणतं

अमेरिकेत बेंडिक्स कंपनीनं आपोआप पाणी घेणारं, धुणारं आणि पिळणारं घरगुती मशीन 1937 साली लोकांसमोर आणलं. ते थरथरून जागेवरून सरकू नये म्हणून जमिनीला बोल्टनं आवळावं लागे. कोलोरॅडो राज्यातल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून जास्त जुनी धुलाई यंत्रं जमवून त्यांचं संग्रहालय केलं. तिकडचा संग्राहक लाकडी पिंपापासून सुरुवात करतो.

आपल्याकडचा काळ वेगळा. भारतीय मध्यमवर्गाच्या घरात वॉशिंग मशीन खऱ्या अर्थानं आलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉननं टीव्हीवरच्या जाहिरातीतून ते नाव घराघरांत नेलं. आयएफबी ही मूळची कोलकात्याची, 1974 सालची कंपनी. बॉश-सीमेन्सच्या तंत्रज्ञानावर तिनं फ्रंटलोड मशीन बनवायला घेतली. तिचा वॉशिंग मशीनचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. व्हर्लपूल टीव्हीएसच्या जोडीनं पाँडिचेरीत आली. बीपीएल-सॅन्यो होतं, पुढे गोदरेज-जीई आलं. 1997 साली एलजी आली आणि बाजाराचं चित्र बदललं.

म्हणून आपल्यासाठी ‘जुनं’ म्हणजे साधारण 1988 ते 2002 या काळातलं, आणि त्यातही यांत्रिक टायमर असलेलं मशीन. ज्याची कळ गोल फिरवली की आतून कटकट आवाज येतो आणि कळ स्वतःहून पुढे सरकत राहते, ते. पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया हा टायमर आहे, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर.

टायमरच्या डब्यात खाचा असलेला प्लास्टिकचा दंडगोल असतो. एक छोटी मोटार तो हळूहळू फिरवते. खाचांवर पितळी पट्ट्या टेकलेल्या असतात. खाच आली की पट्टी खाली पडते, संपर्क जुळतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह, मोटार किंवा पंप चालू होतो. संपूर्ण धुलाईचा क्रम त्या खाचांत कोरलेला असतो. त्याला स्मरणासाठी वीज लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, दोन तासांनी येते. असं मशीन जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. टाकीतलं पाणी कमी दाबानं येत असेल तर टब भरेपर्यंत ते मुकाट वाट पाहतं. नवं मशीन अशा वेळी पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवून थांबतं. वीज परत येताना जो झटका बसतो, त्यानं नव्या मशीनचं सर्किट बोर्ड जळालं तर तीन ते आठ हजारांचा फटका बसतो. जुन्यात जळायला असा बोर्ड सहसा नसतोच. किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्या माणसाला जुनं मशीन परवडतं ते याच कारणानं. आठवणींची किंमत मी यात धरलेलीच नाही.

बघायला जाल तेव्हा

जुनं मशीन विकत घेत असा किंवा घरचंच दुरुस्त करायचं असो, पैसे काढण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. सोबत टॉर्च, पक्कड आणि एक माहीतगार वायरमन असावा. वायरमन दोन-तीनशे रुपये घेईल, ते द्यावेत.

सुरुवात वासापासून. मागचं झाकण उघडल्यावर करपलेला वास आला तर मोटारीचं वाइंडिंग गेलेलं असू शकतं. मग फ्रंटलोडचं दार उघडून आतल्या स्टीलच्या ड्रमची वरची कड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर उचलायचा प्रयत्न करा. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र हलले तर ठीक. ते स्प्रिंगवर टांगलेलेच असतात. पण टब जागेवर राहून नुसता ड्रम खडखडला, तर बेअरिंग गेलं. आता ड्रम हातानं फिरवा. गरगर आवाज आला तर बेअरिंगच. मात्र ड्रम एका जागी अडखळत असेल, टबाला घासत असेल, तर मामला गंभीर आहे. ड्रमच्या पाठीमागं तीन फाट्यांचं ॲल्युमिनियमचं स्पायडर असतं. खारं पाणी, साबणाचा साका आणि वर्षानुवर्षांची ओल यांनी ते पोखरतं आणि एके दिवशी पिळताना मोडतं. जुन्या मॉडेलचं स्पायडर नवं मिळणं जवळपास अशक्य. ते मोडलेलं असेल तर मालक फुकट देत असला तरी ते मशीन चालवण्यासाठी घेऊ नका. पार्टसाठी घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

टॉपलोडमध्ये तळाशी टॉर्च मारा. टबाखाली तेलाचा डाग दिसला तर गिअरबॉक्सचं सील गळतंय. हा खर्च मोठा असतो. पत्र्याची खालची कड बोटानं दाबून पाहा. रंगाखाली पत्रा भुसभुशीत लागला तर गंज आतपर्यंत गेलाय. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत ही कड सगळ्यात आधी जाते.

शेवटी वायरमनकडून मेगर, म्हणजे रोध मोजणारं यंत्र, लावून घ्या. बॉडी आणि वायर यांच्यातला रोध एक मेगओहमपेक्षा कमी निघाला तर ते मशीन दुरुस्त होईपर्यंत प्लगमध्ये घालायचं नाही. ओल्या मोरीत, अनवाणी पायांनी, गळक्या करंटचं मशीन हाताळणं म्हणजे जिवाशी खेळ. यात काटकसर नको.

किमतीचं बोलायचं, तर बंद पडलेल्या सेमी ऑटोमॅटिकला पाचशे ते दीड हजार, चालू स्थितीतल्या जुन्या फुल ऑटोमॅटिक टॉपलोडला दोन ते साडेतीन हजार, फ्रंटलोडला दोन ते चार हजार यापेक्षा जास्त देऊ नयेत. घासाघीस करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. फ्रंटलोडचं वजन साठ-पासष्ट किलो भरतं खरं, पण त्यात तोल राखण्यासाठी बसवलेले काँक्रीटचे ठोकळे असतात. भंगारवाला ते वजा करून उरलेल्या लोखंडाचे पैसे देतो. किलोला पंचवीस-तीस रुपये धरले तरी मालकाच्या हाती हजार-बाराशेच येतात. म्हणून दीड-दोन हजार रोख दिले तर तो खूश असतो.

तारापूर अणुवीज केंद्राच्या वसाहतीतून किंवा एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन, बदली होऊन लोक घर आवरतात, तेव्हा चांगली जपलेली मशीन निघतात. अशा घरांत बिल, वॉरंटी कार्ड आणि पुस्तिका एकाच फाइलीत लावलेली असतात. ती फाइल मिळत असेल तर पाचशे रुपये जास्त मोजायला माझी ना नाही.

आणायचा खर्च

छोटा हत्ती बोईसरहून चिंचणीला सहाशे ते नऊशे रुपये घेईल, दोन हमाल धरून हजार-बाराशे. डहाणूहूनही साधारण तेवढंच. मुंबईहून आणायचं म्हटलं तर चार-पाच हजार जातात आणि हिशेब तिथंच कोलमडतो. म्हणून जुनं मशीन जिल्ह्यातच शोधावं.

फ्रंटलोड हलवताना टब बांधून ठेवणारे बोल्ट लावायचे असतात. नवं मशीन येतं तेव्हा मेकॅनिक ते काढतो आणि मालकाला जपून ठेवायला सांगतो. मालक ते हरवतो. बोल्ट नसतील तर वरचं झाकण काढून टब आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत जुन्या गोधड्या, फोम घट्ट कोंबा आणि मशीन उभंच न्या. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर मोकळा टब चार खड्ड्यांत शॉकअब्सॉर्बर तोडतो. तो खर्च दीड-दोन हजारांचा.

दुरुस्ती: कुठं किती

गावातला मेकॅनिक नुसतं बघायला दोनशे-तीनशे घेतो, कंपनीचा माणूस चारशे ते सहाशे. बंद झालेल्या मॉडेलसाठी कंपनीचा माणूस बोलावण्यात अर्थ नाही. तो तुम्हाला नवं मशीन सुचवून जाईल. वीस-पंचवीस वर्षं हेच काम करणारा जुना मेकॅनिक शोधा.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य निम्मंच खरं असतं. कित्येक भाग कंपनीचे नसतातच. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, 6205, 6206 असा. 6205 म्हणजे आतून 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15; जगात कुठंही, कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी तेच माप. मशीन बनवणारी कंपनी बुडाली तरी हे बेअरिंग बोईसरच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात दीडशे ते चारशे रुपयांत मिळतं. नामांकित कंपनीचं घ्या, नक्कल घेऊ नका. ऑइल सीलवरही माप छापलेलं असतं. पट्ट्यावर लांबी आणि शिरांची संख्या असते. तो अडीचशे ते पाचशेला. फ्रंटलोडच्या मोटारीतल्या कार्बनची जोडी दोन-चारशेला. कपॅसिटर शे-दोनशेला. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह चारशे ते आठशे आणि पाणी फेकणारा पंप सहाशे ते बाराशे. हे दोन्ही मूळचेच हवेत असं नाही, बसण्याचं माप आणि व्होल्टेज जुळलं की पुरे.

मजुरी मात्र जाते. फ्रंटलोडचं बेअरिंग बदलायला सगळा टब बाहेर काढावा लागतो, त्याला दीड ते अडीच हजार. टब उघडलाच आहे तर दोन्ही बेअरिंगं, सील आणि पट्टा एकदमच बदलून घ्या. परत उघडायची मजुरी वाचते.

अडतं ते दोन ठिकाणी. एक दाराचं रबर. ते त्या-त्या मॉडेलचंच लागतं, बाराशे ते तीन हजारांना, आणि जुन्या मॉडेलचं मिळेलच असं नाही. छोटी चीर असेल तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा आतून लावून चीर वरच्या बाजूला येईल असं रबर फिरवून बसवतात. हा जुगाड चांगला टिकतो. दुसरं, टायमर. जुन्या टायमरला दुकानदार हजार ते दोन हजार सांगतात, तेही मिळाला तर. पण टायमर बहुतेक वेळा मेलेला नसतो. पितळी पट्ट्यांच्या टोकांवर काजळी धरलेली असते. जाणता मेकॅनिक डबा उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, टोकं अगदी बारीक कागदानं पुसतो, आणि तीन-चारशे रुपयांत टायमर परत बोलू लागतो. उघडण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो काढून ठेवायला सांगा. आणि कळ कधीही उलटी फिरवू नका. बहुतेक जुने टायमर फक्त उजवीकडे फिरतात, उलट फिरवलं की आतली पट्टी वाकते.

मुंबईत जावं लागलंच तर डहाणू लोकलनं विरार, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनर, स्विच, कपॅसिटर आणि मिळतेजुळते सुटे भाग सापडतात. जुना भाग सोबत न्या. तोंडी वर्णनावर आणलेला पार्ट परत करायला पुन्हा तीच खेप पडते.

आणि आपल्याच भागात एक सोय आहे, तिचा फार कमी लोक उपयोग करतात. चिंचणी आणि आसपासच्या गावांत दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादावर केसाएवढी नक्षी कोरणाऱ्या माणसाला झिजलेला पितळी बुश किंवा तुटलेली दाराची कडी करून देणं अवघड नाही. नमुना नेऊन दाखवा. तीनशे ते आठशे रुपयांत, सवडीनं, कंपनीपेक्षा भक्कम काम मिळू शकतं.

आता बेरीज. वर सांगितलेल्या भावांनी एखादं फ्रंटलोड उभं करायचं धरू. खरेदी 2,500, टेम्पो-हमाल 1,200, बेअरिंग आणि सील 1,000, टब काढायची मजुरी 2,000, रबर 2,000, पंप 900, पाइप आणि पट्टा 700, टायमरची साफसफाई 400, वायरमन आणि नवा प्लग 600. एकूण 11,300. नवं साधं फ्रंटलोड पंचवीस हजारांच्या आसपास सुरू होतं. म्हणजे निम्म्याहून कमी. सेमी ऑटोमॅटिक असेल तर खरेदीसकट साडेतीन-चार हजारांत काम होतं, पण नवं सेमी आठ-दहा हजारांत मिळतं. तिथं बचत थोडी, आपुलकी जास्त. माझा नियम साधा आहे: दुरुस्तीचा अंदाज नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की थांबायचं. घरचं, आईनं घेतलेलं मशीन असेल तर हा नियम कुणी मोडला तरी मी त्याला नावं ठेवणार नाही.

चालवण्याचा खर्चही विचारात घ्या. फ्रंटलोडमधली पाणी तापवणारी कॉइल सुमारे दोन हजार वॅटची असते. अर्धा तास चालली की एक युनिट. आपल्या हवेत रोजच्या कपड्यांना गरम पाण्याची गरज नाही. चादरी, लहान मुलांचे कपडे, आजाऱ्याचे कपडे एवढ्यापुरतं ते ठेवा. पाण्याच्या बाबतीत जुनं टॉपलोड उधळं आहे, एका धुलाईला शंभर-दीडशे लिटर सहज लागतं. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल तर फ्रंटलोडच बरं.

खारी हवा आणि खारं पाणी

चिंचणीत मशीनचा मोठा वैरी वापर नाही, समुद्र आहे. मशीन पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका. तळाला चार इंचांचा विटांचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा करून घ्या. हजार-दीड हजारांत होतो आणि मोरीचं पाणी पत्र्याला लागत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी खालची कड घासून रेड ऑक्साइड आणि वरून एनॅमल मारा, तीनशे रुपयांचं काम. धुलाई झाल्यावर दार उघडंच ठेवा, रबराची घडी कोरड्या फडक्यानं पुसा.

बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटची खंगाळणी तरी योजनेच्या नळाच्या पाण्याची करा. कॉइलवर क्षार चढतात. तीन-चार महिन्यांतून एकदा शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. ते किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, पन्नास-साठ रुपयांत. साबण फ्रंटलोडचाच वापरा आणि नेहमीच्या निम्मा. फेस जास्त झाला की तो पंपात अडकतो आणि साका स्पायडरवर बसतो.

अर्थिंग नसलेल्या जुन्या घरांत आधी अर्थिंग करून घ्या आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. दोन्ही मिळून तीन ते पाच हजार. हा खर्च मशीनच्या नावावर टाकू नका, तो घराचा आहे.

ज्यांना एकाहून जास्त मशीन जमवायची आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. 2018च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. साठ किलोचं मशीन माळ्यावर किंवा एकावर एक रचून ठेवू नका. सगळी जमिनीवर, भिंतीला टेकून.

परदेशातून आणलेलं

आखातातून परतलेल्या कुटुंबांनी आणलेली बरीच मशीन आपल्या विजेवर चालू शकतात. अमेरिकेतून आणलेलं चालत नाही. तिथं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, इथं 230 आणि 50. विक्रेता म्हणेल, ट्रान्सफॉर्मर लावा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मग टायमरची मोटार हळू फिरते, दहा मिनिटांच्या धुण्याला बारा मिनिटं लागतात, आणि मुख्य मोटार तापत राहते. शोभेला ठेवायचं तर ठेवा.

पुस्तिका

हा या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. जुन्या पुस्तिकेत काय असतं ते एकदा उघडून पाहा. टायमरच्या प्रत्येक खुणेला मशीन काय करतं त्याचा तक्ता. किती किलोला किती पावडर. दाराच्या रबराचा, पंपाच्या गाळणीचा आकृतीसह पत्ता. काहींत शेवटच्या पानावर वायरिंगची आकृती. ही आकृती हाताशी असेल तर मेकॅनिकचं दोन तासांचं चाचपडणं वाचतं, म्हणजे थेट पाचशे-हजार रुपये. व्हिडिओकॉन समूह 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. अशा कंपन्यांच्या जुन्या मॉडेलची पुस्तिका मागायला आता कुणाकडे जाणार? जी घरात आहे तीच.

त्यात आणखी काही असतं, जे कंपनीनं छापलेलं नव्हतं. माझ्यासमोर अशी एक पुस्तिका आहे. मुखपृष्ठावर पाण्याचा पिवळा गोल, दुकानदाराचा जांभळा शिक्का, आणि प्रोग्रॅमच्या तक्त्याशेजारी पेन्सिलीनं बाईच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘गणवेश – 3, बेडशीट – 1, कांजीवरम नाही’. खाली मेकॅनिकच्या खेपांच्या तारखा आणि दिलेले पैसे. बहुतेक पुस्तिका इंग्रजी-हिंदीत असत. घरातल्या बाईनं त्या अशा मराठीत आणल्या. हे कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

जपायची रीत सोपी आहे. मधल्या पिना आमच्याकडच्या हवेत गंजतात आणि कागद खातात. बोथट सुरीनं पाय सरळ करून पिना काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्यानं दोन टाके घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा होऊन डाग पाडतो. लॅमिनेशनही नको. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून पुस्तिका पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि गणपतीनंतर ऊन पडलं की डबा एकदा उघडून हवा द्या. ऊन थेट कागदावर नको.

स्कॅन करायला दुकानदार पानाला पाच-दहा रुपये घेतो. मोबाइलवर फुकट होतं. खिडकीजवळ, सावली न पाडता, प्रत्येक पानाचा सरळ फोटो. मशीनच्या पाठीवरच्या पट्टीचाही फोटो घ्या, ज्यावर मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज असतं. पुस्तिका आणि पट्टी एकाच फाइलीत ठेवा. नुसत्या पुस्तिकेवर नेमकं मॉडेल कधी कधी लिहिलेलंच नसतं.

विकत घ्यायची तर जुन्या पुस्तिकेला पन्नास ते दोनशे रुपये पुरेत. रद्दीच्या दुकानात किलोच्या भावात मिळते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि 1975 साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. आज ते राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून सगळे जाणतात. त्यांनी त्या वस्तू उचलल्या तेव्हा इतरांना त्या अडगळच वाटत होत्या. धुण्याच्या दगडापासून मशीनपर्यंतचा घरातल्या बाईचा प्रवास सांगणारे कागद त्याच रांगेत बसतात असं मला मनापासून वाटतं.

तक्रार आणि निरोप

दुरुस्तीचं बिल घ्या. त्यात बदललेला भाग, मजुरी आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या; तीन महिने तरी हवेत. काढलेला जुना भाग मागून घ्या. काम बिघडलं आणि मेकॅनिक किंवा दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथं सुटलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे. चालू कंपन्यांच्या पुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती तिथं एकत्र मिळावी हा त्याचा हेतू. नव्या मशीनवाल्यांनीही त्याचा उपयोग करावा.

मशीन खरंच संपलं असेल तर तोडून विकण्याआधी टायमर, पंप, मोटार, दाराचं रबर आणि कळा काढून ठेवा किंवा जुन्या मेकॅनिकला द्या. दुसऱ्या कुणाचं मशीन त्यावर उभं राहील. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. 2022च्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीन येतं. कपॅसिटर आणि वायरी जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती ते पडू देऊ नका.

आणि ज्यांच्या घरी 2000 सालाआधीच्या मशीनची पुस्तिका असेल, त्यांना विनंती: तिची एक प्रत काढून गावातल्या वाचनालयात द्या, आणि पहिल्या पानावर मशीन कोणत्या साली, कुठून, किती रुपयांना घेतलं आणि घरात ते कोण चालवत असे, एवढं लिहा.